पाण्याचा बल्ब

हारूनमिस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा मी आमच्या नाल्यात उतरून गाळ उपसत होते. जेठाचं ऊन, नाला ठणठणीत कोरडा. चाकाकडं पाणी नेणारा जो पाट आहे, त्यातला गेल्या पावसाळ्याचा गाळ वरून तडकलेला आणि आतून अजून ओलसर होता. "गाळ काढून ठेव, सोमवारी येतो," असं मिस्त्रींनी बजावलं होतं. त्यांचा सोमवार हा आमच्या तांड्यात थट्टेचा विषय. तो कधी बुधवारी उगवायचा, कधी आदल्या शनिवारीच दारात उभा राहायचा, आणि वर "अजून गाळ काढला नाई?" म्हणून बोलणी आम्हीच खायची. म्हणून मी रविवारीच घमेलं घेऊन उतरले होते. दारव्ह्याहून येणारी काळीपिवळी पुलावर थांबली आणि ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "काकू, हारूनमिस्त्री गेले वं." मी वर न बघताच म्हटलं, "उद्या येऊन राह्यले ना ते." गाडी पुढं गेली नाही, तेव्हा मी मान वर केली. त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून हातात धरला होता. "दुकानातच बसले होते म्हणे... जेवून बसले आन् बसल्या बसल्याच."

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. रडू नंतर. एवढा गाळ काढायला लावला आणि हा माणूस येणारच नाही? मी आणखी काही घमेली उपसली, उगाच, हातांना दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. मग तशीच, चिखलाच्या पायांनी, परत फिरलेल्या त्याच गाडीत जाऊन बसले. दारव्ह्याला पोचले तोवर मय्यत निघून गेली होती. आत बायकांच्या गराड्यात मिस्त्रींची बायको, शमीमभाभी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही, पायांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "गाळ काढला वाटते." मी म्हटलं, "काढला." एवढंच आमचं बोलणं झालं आणि मग दोघींनाही आवरेना. येताना दुकानात डोकावले. भर दुपारी कामाच्या टेबलावर त्यांचा पिवळा बल्ब जळत होता. कोणी बंद केला नव्हता. मीही केला नाही. बल्ब बंद करायची भीती त्यांनीच आमच्या हाडात घातली होती, ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमचा तांडा दारव्ह्याच्या पलीकडं टेकड्यांच्या पोटात आहे. माझे मालक वणीला कोळशाचा ट्रक चालवायचे, महिन्या दोन महिन्यांनी काळे होऊन घरी यायचे. घरची पिठाची चक्की मी चालवायचे, डिझेल इंजिनावर. तेव्हा खालच्या गावात विजेचे खांब होते, पण तांड्याकडं वळायला त्यांना वेळ झाला नव्हता. एका श्रावणात इंजिन बसलं, दळणाच्या डब्यांची रांग लागली आणि दारव्ह्याहून मोटार-इंजिनाचे मिस्त्री म्हणून हारूनभाईंना बोलावलं. किडकिडीत माणूस, डोक्यावर जाळीची टोपी, खिशात स्क्रू ड्रायव्हर, आणि पायाला भिंगरी. त्यांनी इंजिन उघडलं, नट काढून घमेल्यात टाकले आणि गायब. मी शोधत मागं गेले तर हे नाल्याच्या बंधाऱ्यापाशी. पळसाचं पान पाण्यात टाकायचं आणि काठाकाठानं त्याच्याबरोबर चालायचं, पुन्हा वर यायचं, दुसरं पान टाकायचं. माझ्या दारात अर्धा तांडा उपाशी, आणि यांचा खेळ चाललेला.

"हे पानी दिवसभर काय करते वं बाई?" त्यांनी मला विचारलं.

"वाहून राह्यलं. अजून काय करन?"

"नुसतंच?"

त्या आधी मी त्या नाल्याकडं असं कधी पाहिलंच नव्हतं. धुणं धुतलं होतं, म्हशी धुतल्या होत्या. वरच्या पाझर तलावामुळं नाला आमच्याकडं मृगापासून संक्रांतीपर्यंत वाहतो आणि बंधाऱ्याखाली दोन पुरुष खोल पडतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला कामाला लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मिस्त्रींनी त्या दिवशी इंजिन दुरुस्त केलं, आणि त्यानंतर त्यांचा पाय आमच्याकडून निघाला नाही.

पहिलं चाक त्यांनी तेलाच्या डब्यांचं केलं. पाण्याचा पहिला लोंढा आला तसे डबे चेपून नाल्यात वाहत गेले आणि खालच्या गावातल्या पोरांनी ते पकडून घरी नेले. दुसरं लाकडाचं केलं, ते पावसात फुगून अडकलं. तांडा हसायचा. मीही हसायचे. मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. ते स्वतःच्या फजितीची गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचे आणि सांगता सांगता तिसऱ्या चाकाचं चित्र धुळीत काढायचे. त्यांना एका जागी बसवणं अशक्य. चहाची कपबशी हातात घेऊन फेऱ्या मारायचे, चहा बशीतून सांडायचा, आमची याडी, म्हणजे माझी सासू, चिडायची. "हा मानूस बसते कधी?" ती विचारायची. तिसऱ्या चाकाला धुरा, म्हणजे मधला आस, माझ्या मालकांनी आणला, वणीत मोडीत निघालेल्या कोळशाच्या ट्रकचा. लोखंडी पाइप उभे चिरून त्याची पाती केली. त्या धुऱ्यावरून, मालक घरी असले की, त्यांची आणि मिस्त्रींची रोज जुंपायची. "तुमचा कोयसा एकदा जयला का संपला," मिस्त्री म्हणायचे, "माह्यं पानी चाकातून निघून पुढं कोनाच्या तरी कपाशीले जाते, जसंच्या तसं. वरून पुढच्या साली पुन्हा येते." मालक विचारायचे, "आन् उन्हाळ्यात काय जाळता, ढग?" त्यावर मिस्त्री घुटमळायचे आणि म्हणायचे, "उन्हाळ्यात बाहीर बाज टाकून झोपा ना बे. चांदण्या कायले हायेत?"

तिसरं चाक फिरलं. पाण्यानं चाक, चाकानं पट्टा, पट्ट्यानं एक जुनी मोटर. मोटर करंट खाते एवढं मला माहीत होतं, तिला बाहेरून फिरवली तर ती करंट देते हे मिस्त्रींनी दाखवलं. दर घराला एक तार, एक पिवळा बल्ब. संध्याकाळी त्यांनी पाटाची फळी उचलली. बल्ब आधी निखाऱ्यासारखे लाल झाले, मग पिवळे. याडीनं बल्बाला हळदकुंकू वाहिलं. जेवणं झाली. आणि मग आमच्या तांड्यानं ती चूक केली, जी चूक दिवा मालवूनच झोपायची सवय असलेल्या शहाण्या माणसांनी केलीच असती. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरच्यांनी निजताना बल्ब बंद केला. त्यांचं पाहून शेजाऱ्यानं. एकेक घर बंद होत गेलं तसं चाकावरचं ओझं हलकं होत गेलं, चाक मोकाट पळायला लागलं आणि उरलेले बल्ब पांढरेफटक होऊन फटाफट फुटले. आमचा याडीच्या डोक्यावरच फुटला. तेवढ्यात मिस्त्री अंधारात तांड्यातून पळत आले, एका पायात चप्पल, आणि प्रत्येक दारात ओरडायला लागले, "कोनं बंद केला? कोनं बंद केला बे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघर जाऊन बटणंच काढून टाकली. नियम झाला: पाण्याचा बल्ब कोणी बंद करायचा नाही. चाक चालायचं तर सगळ्यांनी मिळून ओझं धरायचं, एकानं हात काढला की दुसऱ्याचं फुटणार. आता उजेडात झोप कशी यावी? याडीनं त्यावर तोड काढली. बल्बावर बांबूची दुरडी उलटी टांगायची. फटींतून उजेडाच्या रेघा भिंतीवर पडायच्या आणि त्या रेघांत आमची लेकरं मोठी झाली. महिनाभरात सगळ्या तांड्यात दुरड्या टांगल्या गेल्या. लग्न होऊन गेलेल्या आमच्या मुली अजून सांगतात, सासरी दिवा बंद करताना हात थबकतो, शेजारी काही फुटलं का म्हणून कान टवकारले जातात. मिस्त्रींची तर कमालच. दारव्ह्याला त्यांच्या घरी चांगली लाईन होती, तरी ते कुठलाच बल्ब बंद करेनात. शमीमभाभी दिवसभर त्यांच्या मागं मागं बटणं बंद करत फिरायच्या आणि बिल आलं की नाल्याचं नाव घेऊन शिव्या द्यायच्या.

त्याच दुरड्या श्रावणात खाली उतरायच्या, कारण श्रावणात तीज. आमच्या तांड्यातल्या लग्नाआधीच्या मुली दुरडीत माती आणि गहू घालतात, नायकाच्या अंगणात ठेवतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि गहू वीतभर झाला की शेवटच्या दिवशी नाल्यात सोडतात. ज्या मुलींची लग्नं ठरलेली असतात त्यांची ती शेवटची तीज, त्यामुळं सोडताना गाणं आणि रडणं एकदमच चालू असतं. चाक बसलं त्याच्या पहिल्या तिजेला मुलींनी नेहमीच्या जागी, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गहू सोडले. ते सगळे पाटात शिरले आणि चाकाच्या तोंडच्या जाळीला जाऊन चिकटले. पाणी तुंबलं, चाक घरघरलं, थांबलं. बल्ब लाल होऊन विझले. मिस्त्री तावातावानं पाटात उतरले आणि तोंडानं बडबडत दोन्ही हातांनी जाळीवरचा गहू ओरबाडून काढायला लागले. त्यांना ठाऊकच नव्हतं ते काय आहे ते. मग गाणं थांबलेलं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वर पाहिलं तर काठावर सगळ्या पोरी उभ्या, डोळे पुशीत. जी तीज वाहून जायला पाहिजे ती यांच्या मुठीत. त्यांचे हात तसेच राहिले. तो माणूस गप्प झालेला मी पहिल्यांदा पाहिला. "आता हे कुठं सोडू?" त्यांनी अगदी हळू विचारलं. कोणी तरी खालच्या धारेकडं बोट दाखवलं. मग त्यांनी ती सगळी तीज ओंजळी भरभरून चाकाच्या खालच्या बाजूला नेली, एकेक ओंजळ, आणि पाण्यात सोडली. एका मुलीनं जाऊन दोन गव्हाचे कोंब त्यांच्या टोपीत खोचले.

तेव्हापासून रिवाजच पडला. तिजेच्या दिवशी मिस्त्री दारव्ह्याहून यायचे, चाक स्वतः थांबवायचे, जाळी काढून ठेवायचे आणि हात वर करून मोठ्यानं म्हणायचे, "सोडा!" त्यांनी सोडा म्हटल्याशिवाय पोरी दुरडीला हात लावायच्या नाहीत. गहू वाहून गेले की पुन्हा चाक सुरू. मग टोपीत कोंब खोचूनच ते काळीपिवळीत बसायचे. पुढच्या वेळी मी विचारलं, कोंब जपून ठेवले का, तर म्हणाले, "तुमची तीज आमच्या बकरीनं खाल्ली. दूध वाढलं."

पुढं तांड्यात लाईन आली. मला वाटलं मिस्त्री खट्टू होतील, पण ते खांब बघायला हौसेनं आले. "बरं झालं, आता घराले दोन बल्ब," म्हणाले. एक लाईनचा, एक पाण्याचा. शाळेवर सोलरची पाटी बसली तेव्हा तिच्याखाली उभं राहून म्हणाले, "ही उन्हाळ्यात कमावन, आपलं चाक पावसाळ्यात. ढग आले का हिची सुट्टी, आपली ड्युटी." ते खरंही होतं. आमच्याकडं वारा सुटला की पहिली लाईन जाते, आणि पावसाळ्यात त्या अंधारात पाण्याचे बल्ब तेवढे जळत राहायचे. पण घरोघर एलईडी आले, पिवळे बल्ब बाजारातून नाहीसे झाले, कोणी पाण्याच्या होल्डरमधला बल्ब काढून ठेवला, कोणी तार कपडे वाळत घालायला वापरली. गेल्या दोन वर्षांत चाक रडतखडतच चाललं. या वर्षी उन्हाळ्यात मिस्त्री आले, चाकाचं एक बेरिंग काढलं, बोटानं फिरवून कानाशी धरलं आणि म्हणाले, "हे दारव्ह्याले नेतो. नवं आनतो. तू गाळ काढून ठेव, सोमवारी येतो." जाताना नाल्याच्या कोरड्या दगडांत पळसाचं पान टाकलं. मी म्हटलं, "पानी कुठं हाय?" तर म्हणाले, "येईन ना." ती आमची शेवटची भेट.

ते गेल्यानंतर तांड्याच्या बैठकीत नायकानं सरळ सांगितलं. मिस्त्री गेले, आता चाक कोण पाहणार? तीज झाली की भंगारवाल्याला बोलावू, मोटरच्या शेडमध्ये कडबा ठेवू. नायक वाईट माणूस नाही, माझा चुलत दीर आहे. पण मी बैठकीतच उभी राहिले. मी म्हटलं, "तिजेच्या आत चाक चाललं तर?" तो म्हणाला, "चाललं तं राहू दे. मले काय?" घरी आले, पण घरात बसवेना. त्यातच मृगाचा पाऊस लागला, नाला आला, आणि आवाज सुरू झाला. वर्षानुवर्षं मी तो आवाज चाकाच्या घरघरीसकट ऐकला होता. आता नुसतं पाणी पडत होतं, रिकामं. मी चक्कीत असले तरी ते ऐकू यायचं, भाकरी थापताना ऐकू यायचं. दिवसातून चार वेळा काठावर जाऊन उभी राहायचे आणि काहीच न करता परत यायचे. मालक म्हणाले, "तुले मिस्त्रीचं वारं लागलं."

शेवटी दारव्ह्याला गेले. शमीमभाभी इद्दतीत होत्या, नवऱ्यामागं मुदत संपेपर्यंत त्यांना उंबरा ओलांडायचा नव्हता. दुकान घराला लागूनच. त्यांनी आतल्या दारातून बोट दाखवलं, "ते फडक्यात बांधलं हाय, पाह्य." नवं बेरिंग, ग्रीस लावून, गुंडाळून ठेवलेलं. सोमवारची तयारी माणसानं करून ठेवली होती... मी ते हातात घेतलं आणि त्यांच्यासारखंच बोटानं फिरवून कानाशी धरलं. भाभी म्हणाल्या, "घेऊन जा. इथं पाहून पाहून मले चैन नाई." मग फळीवरचं खोकं उतरवायला लावलं. त्यात वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेले पिवळे बल्ब. बाजारातून जाणार हे कळल्यावर मिस्त्रींनी जिथून मिळतील तिथून आणून भरले होते. "मले म्हनत, हे तांड्याचं बियानं हाय," भाभी म्हणाल्या. ते खोकं मी काळीपिवळीत मांडीवर घेऊन आले, अंड्यांसारखं जपत.

बेरिंग बसवायला बाभुळगावहून गावंडे सर आले. ते आयटीआयमध्ये शिकवायचे, मिस्त्रींचे जुने दोस्त, दोघांचं कधी एकमत व्हायचं नाही. सरांनी शर्ट काढला, पाटात उतरले आणि अख्खी दुपार चाकाखाली पडून राहिले. मधेच थांबून म्हणायचे, "हारून असता तं म्हनला असता, गावंडे, तुह्यानं नाई होत." मग पुन्हा पान्ह्याला जोर लावायचे. इकडं मी खोकं घेऊन घरोघर. हे काम चाकापेक्षा कठीण निघालं. "काकू, एलईडीच्या जमान्यात हा बल्ब?" पोरं हसत होती. मी कोणाला समजावलं, कोणावर डाफरले, एका घरी तर स्वतः स्टुलावर चढून बल्ब लावून आले. नायकाच्या घरी गेले तेव्हा तो बाजेवर बसला होता. त्यानं बल्ब घेतला आणि शेजारी ठेवला. लावला की नाही ते मी पाहिलं नाही, पाहायची हिंमत झाली नाही.

चाक फिरलं, पण पहिले दोन दिवस करंट काही धरेना. फिरतंय, घरघरतंय, बल्ब मात्र मेलेले. सरांनी बॅटरी आणून मोटरला लावली, मेन स्विच पाडून बल्बांचं ओझं काढलं, चाक मोकळं पळवलं आणि मग मेन वर केला, तेव्हा कुठं बल्ब लाल झाले. सर निघताना म्हणाले, "आता चाललं हाय तं चालू द्या. थांबवलं तं पुन्हा करंट धरनच असं नाई. मी परवा येईन, तोवर हात लावू नका." आणि दुसऱ्याच दिवशी तीज होती.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. चाक थांबवायचं म्हणजे ते कायमचं थांबायची भीती, आणि चाक कायमचं थांबलं तर तिजेनंतर भंगारवाला. सकाळी मी मनाशी ठरवलं, यंदा मुलींना खालच्या धारेत सोडायला सांगू. नायकही तेच म्हणाला, "खाली सोडा, चालत्या चाकाले कायले छेडता?" दुपारी मला ते पटलेलं होतं. पण ऊन कललं, मुली दुरड्या डोक्यावर घेऊन गात आल्या, आणि कोणी काही सांगायच्या आत नेहमीच्या जागी, बंधाऱ्याच्या वर, रांगेनं उभ्या राहिल्या. गाणं संपलं. सगळ्या चाकाकडं बघत होत्या. कोणीतरी हात वर करील, सोडा म्हणेल, म्हणून. त्यातल्या दोघींची लग्नं ठरलेली. त्यातली एक मला म्हणाली, "काकू, बंद करा ना."

मी फोन काढून शमीमभाभींना लावला. का लावला, सांगता येत नाही. दर तिजेला मिस्त्री चाकाजवळून भाभींना फोन लावून आवाज ऐकवायचे, म्हणून असेल. मी म्हटलं, "भाभी, तीज हाय. थांबवू का? पुन्हा नाई धरलं तं?" मग त्या म्हणाल्या, "त्यायनं एकदा तीज हातात धरली होती, तं बारा महिने मले तेच सांगत. तू काहून धरून राह्यली? सोड ना." मी फोन तसाच चालू पदरात ठेवला आणि थोडी फट राखून फळी खाली केली. चाक मंदावलं, थांबलं. जाळी काढली. हात वर केला आणि मिस्त्रींसारखंच मोठ्यानं म्हटलं, "सोडा!"

गहू पाण्यावर पडले, पाटातून आले, थांबलेल्या चाकाच्या पात्यांमधून वाट काढून खाली गेले. मुली रडत होत्या, मीही रडत होते, त्यात काही वेगळं दिसलं नाही. शेवटचा कोंब गेला तशी मी जाळी लावली, फळी उचलली. चाक फिरलं. बल्ब नाही. चाक पळतंय आणि तांडा अंधुक होत चाललाय, पाण्याच्या एकाही बल्बात ठिणगी नाही. माणसं हळूहळू काढता पाय घ्यायला लागली. नायक खाली बघत होता. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "नाई धरलं, भाभी." त्यांनी विचारलं, "मेन पाडला होता का?" मी पाडला नव्हता. घाबरून विसरले होते. भाभी म्हणाल्या, "ते पन दर साली विसरायचे. मंग फोनवर मलेच शिव्या. म्हनत, आधी त्याले पळू दे, मंग ओझं दे, अन् सोता उलटं करत. पाड मेन." मी मेन पाडला. चाकाचा आवाज चढत गेला, चढत गेला. मी मेन वर केला.

पहिला आमचा लाल झाला. मग शेजारचा. मग काठाकाठानं सगळी दारं एकामागून एक तांबडी झाली, आणि हळूच पिवळी. नायकाच्या दारात सगळ्यात शेवटी दिसला. लावला होता त्यानं. भाभींनी विचारलं, "लागले?" मी म्हटलं, "लागले." "बंद नका करू कोनी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आले. लेकीची तिजेची दुरडी रिकामी होऊन उंबऱ्यापाशी पडली होती, ओल्या मातीचा वास येत होता, बुडाला एक-दोन मुळं चिकटलेली. तीच झटकून मी पाण्याच्या बल्बावर उलटी टांगली. रेघा भिंतीवर पडल्या. वारा सुटला होता, थोड्याच वेळात लाईन गेली. मी सवयीनं कान देऊन ऐकत बसले. "कोनं बंद केला, कोनं बंद केला" म्हणत तांड्यातून पळत कोणी आलं नाही. बंद केलाच नव्हता कोणी.